फरशी, गोधडी आणि गटाचे गणित

'गट' हा शब्द कानावर पडला की आपल्या समाजातील माणसाच्या डोळ्यासमोर काय उभे राहते हे निराळे सांगायला नको. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली आणि पुढे त्याचे इतके गट पडले की हिशेबात आयुष्य गेलेल्या आमच्यासारख्या कारकुनालाही त्यांची बेरीज जमत नाही. त्याशिवाय सातबाऱ्यावर गट नंबर असतो, वस्तीत महिलांचा बचत गट असतो, तालुक्याला गटशिक्षणाधिकारी असतात. या सर्व गटांविषयी कोणी ना कोणी लिहीतच असते. आम्ही आज लिहीत आहोत तो गट गणितातला आहे. इंग्रजीत त्याच्या अभ्यासाला ग्रुप थिअरी म्हणतात, मराठीत गट सिद्धांत. वाचकहो, पान उलटू नका. याच गटापायी आमच्या वस्तीतली एक हुशार मुलगी शिक्षण सोडायला निघाली होती, म्हणून हा विषय कुटुंबाच्या पानावर आणावा लागला.

परभणीत आमच्या वस्तीतल्या विहाराला लागून असलेल्या खोलीत आम्ही काही कार्यकर्ते मिळून संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. दोन ट्यूबलाइट, सतरंज्या, एक फळा आणि देणगीतून जमलेली पुस्तके एवढाच तिचा संसार. तिथे ही मुलगी नियमाने येई. वडील फरशी बसवणारे मिस्त्री. आई चार घरची धुणीभांडी करून उरलेल्या वेळात गोधड्या शिवून देते. बारावीला गणितात चांगले गुण पडले म्हणून मुलीने हौसेने बी.एस्सी.ला गणित घेतले. वस्तीतून गणित घेऊन पदवीला गेलेली ती पहिलीच मुलगी, त्यामुळे तिच्याकडे पाहून लहान मुलींनीही गणिताची वही जरा नीट लिहायला सुरुवात केली होती.

दुसऱ्या वर्षी ती गट सिद्धांताच्या पेपरात नापास झाली. एका संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून ती इंग्रजीतली एक व्याख्या मोठ्याने घोकत बसली होती. आम्ही विचारले, "बाई, काय पाठ करायलीस?" ती म्हणाली, "काका, मला ह्यातलं काहीच कळंना गेलंय. पहिल्याच दिवशी फळ्यावर चार अटी लिहून दिल्या, आधी पाठ करा म्हणाले, समजायचं मागून बघू. वर्ष संपलं तरी ते मागून आलंच नाही. मी आता बी.ए.ला नाव टाकते. हे आपल्यासारख्यांचं काम नाही."

शेवटचे वाक्य आम्हाला टोचले. नापास होण्याचे आम्हाला फारसे काही वाटत नाही, नापास होऊन पुन्हा बसलेली माणसे आम्ही घरोघर पाहिली आहेत. पण अमुक विद्या आपल्यासारख्यांची नाही, हे वाक्य आपल्या आजा-पणजाला दुसऱ्यांनी हजार वेळा ऐकवलेले आहे. ते आता कॉलेजात शिकणारी पोर स्वतःच्या तोंडाने म्हणू लागली तर ऐकवणाऱ्यांचे काम फुकटात झाले.

आम्ही बी.कॉम. आमच्या अभ्यासक्रमात गट सिद्धांताचे नाव नव्हते. म्हणून आम्ही आमच्या एका मित्राला गाठले. तो पूर्णेहून रोज रेल्वेने येतो आणि तासिका तत्त्वावर गणित शिकवतो. तासिका तत्त्व म्हणजे जेवढे तास तेवढे पैसे, तेही निघतील तेव्हा, आणि उन्हाळ्यात काहीच नाही. गणितात एम.एस्सी. झालेल्या माणसाची ही स्थिती का, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. असो. विद्यार्थी असताना तो एका उन्हाळी शिबिराला जाऊन आलेला होता. मुंबई विद्यापीठातील प्राध्यापक एस. कुमारेसन यांनी १९९३ साली देशभरातील गणिताच्या विद्यार्थ्यांसाठी ही शिबिरे सुरू केली. तिथे शिकवणारे फळा भरून मोकळे होत नाहीत. प्रश्न विचारीत राहतात आणि उत्तर विद्यार्थ्याकडूनच काढून घेतात, असे आमचा मित्र सांगतो. ती सवय त्याला कायमची जडली आहे.

रविवारी तो आला आणि त्याने पहिले काम कोणते केले असेल तर मुलीच्या हातातले पुस्तक काढून घेऊन बाजूला ठेवले. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचा एक चौरस कापला. त्याच्या चार कोपऱ्यांवर अ, ब, क, ड लिहिले आणि मागच्या बाजूलाही त्याच कोपऱ्यावर तेच अक्षर लिहिले. मग फळ्याखाली जमिनीवर खडूने तेवढ्याच मापाची चौकट आखली, चौरस तिच्यात ठेवला आणि म्हणाला, "हा उचल, हवा तसा फिरव, हवा तर उलटा कर, पण परत ह्याच चौकटीत बरोबर बसला पाहिजे. किती प्रकारांनी बसवता येतो ते सांग."

मुलगी आधी म्हणाली चार. मग चौरस उलटा केला आणि म्हणाली पाच. मग हळूहळू सहा, सात, आठ. आठनंतर तिने बराच वेळ खटपट केली, नववा प्रकार काही निघेना. पाव फेरा, अर्धा फेरा, पाऊण फेरा, आणि चौथा म्हणजे जिथल्या तिथे. हे झाले फिरवण्याचे चार. उभ्या रेषेवर पलटी, आडव्या रेषेवर पलटी, आणि दोन कर्णांवरच्या दोन पलट्या. हे उलटण्याचे चार. नववा का नाही, असे मित्राने विचारले तेव्हा तिने थोडा विचार करून सांगितले की 'अ' हा कोपरा चारपैकी कोणत्या तरी एका जागी जाणार आणि तो तिथे गेल्यावर चौरसाची सुलटी किंवा उलटी एवढ्या दोनच बाजू वर येऊ शकतात. चार दुणे आठ. मित्र म्हणाला, "ही सिद्धता झाली. तू आत्ता सिद्धता दिलीस." पोरीचा चेहरा त्या वेळी आमच्या मोबाइलमध्ये टिपून ठेवायला हवा होता.

मग खरी गंमत झाली. मित्राने विचारले, आधी उजवीकडे पाव फेरा देऊन मग उभ्या रेषेवर पलटी मारली काय, आणि आधी पलटी मारून मग पाव फेरा दिला काय, फरक पडतो का? सर्व मुले एका सुरात म्हणाली, काय फरक पडणार! करून पाहिले. पहिल्या रीतीने 'अ' वरच्या डाव्या कोपऱ्यात आला, दुसऱ्या रीतीने खालच्या उजव्या कोपऱ्यात. दोन आणि तीन पाच, तीन आणि दोन पाच, अशी जन्मभराची सवय असलेल्या मुलांना हा धक्काच होता. आम्हाला मात्र कचेरीतील अनुभवाने तो तितकासा बसला नाही. आधी कागद वाचून मग सही करणे आणि आधी सही करून मग कागद वाचणे यांत किती अंतर आहे, हे आपल्या भोळ्या लोकांच्या जमिनींच्या व्यवहारांत आम्ही पुष्कळ पाहिले आहे.

तेवढ्यात मिस्त्री लेकीला न्यायला आले. हातापायाला सिमेंट, डोक्याला रुमाल. दारातच उभे राहून त्यांनी तो चौरसाचा खेळ पाहिला आणि हसून म्हणाले, "हे तर आमचं रोजचंच हाय की."

झाले असे की त्या आठवड्यात ते एका बंगल्याच्या अंगणात नक्षीची फरशी बसवीत होते. त्या प्रत्येक फरशीच्या एका कोपऱ्यात पाव फूल असते. चार फरश्या एकत्र आल्या की मधोमध पूर्ण फूल तयार होते. त्यासाठी पहिली फरशी आहे तशी, दुसरी पाव वळण देऊन, तिसरी अर्धे वळण, चौथी पाऊण वळण अशी लावावी लागते. मित्राने त्यांना खाली बसवून घेतले आणि विचारले, फरशी उलटी करता येते का? मिस्त्री म्हणाले, "उलटी केल्यावर नक्षी मातीत जाईल ना सर!" म्हणजे फरशीला पलट्या नाहीत, फक्त चार वळणे. मग मित्राने विचारले, नव्या हाताखालच्या पोराने फरशीला पाव वळण जास्त दिले तर काय करता? मिस्त्री म्हणाले, "एकदा उलटं फिरवायचं. न्हाई तर तीनदा सुलटं फिरवायचं. जागा तीच येती. पण तीनदा कोण फिरवील, फरशी जड असती."

मित्र मुलीकडे वळून म्हणाला, "तुझ्या पुस्तकात इन्व्हर्स लिहिलंय ना, ते हे. तुझे वडील ज्याला उलटं फिरवणं म्हणतात ते."

त्या दिवशी गोधडीचाही विषय निघाला, आणि तो आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण नापास झालेला प्रश्न नेमका तिथेच दडलेला होता. गोधडी लांबट असते. ती एकाच जागी झिजू नये म्हणून मुलीची आई दर धुण्याला ती बदलून घालते. कधी उशाकडची बाजू पायाकडे, कधी वरची बाजू खाली. बाजेवर गोधडी नीट बसवण्याचे प्रकार मोजले तर तेही चारच निघतात. आहे तशी, न उलटता अर्धी फिरवून, लांबीच्या रेषेवर उलटून, रुंदीच्या रेषेवर उलटून. फरशीचे चार आणि गोधडीचे चार. मग दोन्ही सारखेच का?

मुलीने दुसऱ्या दिवशी घरी गोधडी घेऊन प्रयोग केला आणि संध्याकाळी वही घेऊन आली. फरशीला एकच पाव वळण पुन्हा पुन्हा देत गेले की चारही स्थिती येऊन जातात. गोधडीला कोणतीही एकच क्रिया पुन्हा पुन्हा केली तर ती दोनच स्थितींत फिरते, कारण गोधडीची कोणतीही क्रिया दोनदा केली की ती मूळ जागी येते. आणि दोन निरनिराळ्या क्रिया एकामागून एक केल्या की आपोआप तिसरी होते. म्हणजे संख्या तीच, पण अंगचा स्वभाव निराळा. "आई एकच पलटी मारत राहिली असती तर गोधडीच्या दोन स्थिती कधीच आल्या नसत्या," असे ती म्हणाली. तिच्या पुस्तकात हेच दोन गट मोठमोठ्या नावांनी दिलेले होते, एक चक्रीय गट आणि दुसरा क्लाइन या जर्मन गणित्याच्या नावाचा. चार घटकांचे गट असे दोनच प्रकारचे असतात, तिसरा प्रकार नाही. परीक्षेत तिला विचारले होते की हे दोन गट एकरूप आहेत काय, कारण द्या. उत्तर घरात बाजेवर अंथरलेले होते.

आमच्या मित्राने पुढे तिला आणखी एक गोष्ट सांगितली. पाण्याचा एक रेणू घेतला, एक ऑक्सिजन आणि दोन हायड्रोजन, तर त्याच्या सममितीचा गट गोधडीचाच आहे. रसायनशास्त्रवाले रेणूंचा अभ्यास करताना हे गणित रोज वापरतात. मुलीचा दुसरा विषय रसायनशास्त्रच. दोन विषयांची दोन पुस्तके तिच्या एकाच दप्तरात होती, पण त्यांची ओळख कोणी करून दिलेली नव्हती.

हे सर्व झाल्यावर, म्हणजे दीड महिन्याने, मित्राने ते बाजूला ठेवलेले पुस्तक परत तिच्या हातात दिले आणि व्याख्या वाचायला लावली. दोन क्रिया एकामागून एक केल्या तरी आपण त्याच क्रियांच्या घरात राहतो. काहीच न करणे हीही एक क्रिया आहे. प्रत्येक क्रियेला तिची उलट क्रिया असते. आणि तीन क्रिया ओळीने करताना कंस कुठेही टाकला तरी चालतो. एवढ्याच चार अटी. क्रमनिरपेक्षता, साहचर्य, अविकारक हे शब्द ती मराठी शाळेत शिकलेली होती. कॉलेजात त्यांची इंग्रजी नावे आली आणि तिला वाटले की काही तरी परकेच आले आहे. मराठी माध्यमातल्या आपल्या किती मुलांचे असे होत असेल!

उलट क्रियेबद्दल आम्हालाही सांगण्यासारखे होते, ते आम्ही सांगितले. हिशेबाच्या वहीत चुकीची नोंद खोडायची नसते, हे वाणिज्य शाखेच्या पोराला आधी शिकवतात. नावे टाकलेली रक्कम जमा टाकून, जमा टाकलेली नावे टाकून ती शून्य करायची. चौरसाच्या आठ क्रियांचा आठ गुणिले आठ असा चौसष्ट घरांचा तक्ता तिने केला तेव्हाही आमची कारकुनी कामी आली. त्या तक्त्यात प्रत्येक आडव्या ओळीत आणि प्रत्येक उभ्या ओळीत आठही क्रिया एकेकदाच येतात. एकदाही कमी नाही, एकदाही जास्त नाही. हा ताळा सापडल्यावर तिने स्वतःच आपल्या तक्त्यातली दोन चुकीची घरे शोधून काढली. असा तक्ता मांडून गटाची कल्पना १८५४ साली ज्याने पुढे ठेवली तो आर्थर केली त्या काळी लंडनमध्ये वकिली करीत होता आणि पोटासाठी लोकांच्या मालमत्तेचे दस्तऐवज तयार करीत होता. चौदा वर्षे त्याने ते काम केले आणि त्याच काळात शेकडो गणिती लेख लिहिले. कचेरीतल्या कंटाळवाण्या कामाची तक्रार करणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांना आम्ही हे ऐकवतो. त्यांना ते आवडत नाही.

आता एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. मिस्त्रींच्या फरशीचे आणि आईच्या गोधडीचे हे वर्णन वाचून काही सुशिक्षित मंडळी म्हणतील, पाहा, कष्टकऱ्यांच्या हातात केवढे ज्ञान आहे! हातात ज्ञान आहे हे खरेच. परंतु हातकामाचे कौतुक करून पोरांना पिढ्यान्‌पिढ्या हातकामातच ठेवणारी माणसेही या देशात कमी झाली नाहीत. मिस्त्रींना चार वळणे येतात म्हणून त्यांना गट सिद्धांत येतो असे आम्ही म्हणणार नाही, तेही म्हणत नाहीत. फरशीपासून सुरुवात करायची ती फरशीवर थांबण्यासाठी नव्हे. पाण्याचा रेणू हातात धरून फिरवता येत नाही. तिथे ती रुक्ष व्याख्याच कामाला येते, आणि ती व्याख्या आपल्या मुलीला इंग्रजीतही चुकल्याशिवाय लिहिता आली पाहिजे. आमचा वाद व्याख्येशी नाही, ती पहिल्या दिवशी डोक्यात हाणण्याशी आहे.

मुलीला आम्ही एमी नोएदर या बाईची हकीगतही सांगितली. १८८२ साली जर्मनीत जन्मलेली ही ज्यू मुलगी. गटांसारख्या अमूर्त कल्पनांवर आजचे बीजगणित उभे करण्यात तिचा वाटा फार मोठा. पण गटिंगेन विद्यापीठात बाईला शिकवण्याचा अधिकार नाही म्हणून काही वर्षे तिची व्याख्याने हिल्बर्ट या प्राध्यापकांच्या नावाने जाहीर होत. तिच्या बाजूने हिल्बर्ट भांडले, तरी १९१९ पर्यंत तिला अधिकृत परवानगी मिळाली नाही. पुढे १९३३ मध्ये हिटलरच्या राजवटीने ज्यू म्हणून तिला काढून टाकले आणि ती अमेरिकेत गेली. आधी बाई म्हणून दार बंद, मग जन्म अमुक घरात झाला म्हणून दार बंद. आपल्या वाचकांना यावर टीका-टिप्पणी लिहून देण्याची गरज नाही. मुलीने एवढेच विचारले, "काका, मग ती शिकवायची कुठं?" आम्ही सांगितले की काढून टाकल्यावरही काही दिवस ती विद्यार्थ्यांना स्वतःच्या घरी बोलावून शिकवीत होती.

अभ्यासिकेतल्या लहान मुलांनी आमच्या मित्राला मग सोडलेच नाही. त्यांच्यासाठी त्याने अशोकचक्र घेतले. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने स्वीकारलेल्या तिरंग्यावरच्या या चक्राला चोवीस आरे आहेत, म्हणजे एका आऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत पंधरा अंश. पुठ्ठ्यावर चक्र काढून एका आऱ्यावर लाल खूण केली आणि मुलांना विचारले, दर वेळी पाच आरे पुढे सरकायचे, तर सर्व आऱ्यांना स्पर्श होईल का? मुले बोटाने मोजत गेली. पाच, दहा, पंधरा, वीस, मग एक, सहा, अकरा... पाच पूर्ण फेऱ्या झाल्यावर चोवीसही आरे झाले. आता नऊ नऊ सरका. नऊ, अठरा, तीन, बारा, एकवीस, सहा, पंधरा, आणि पुन्हा खुणेवर. फक्त आठ आरे! सहावीतल्या एका पोराने ओरडून सांगितले की हे सगळे तीनच्या पाढ्यातले आहेत. मोठ्या गटाच्या पोटात लहान गट असतो, तो हा. त्यावर आमचे एक ज्येष्ठ कार्यकर्ते कोपऱ्यातून म्हणाले, "ते आम्हाला ठाऊक आहे." सर्व मोठी माणसे हसली, मुलांना काही कळले नाही.

मुलगी पुढच्या परीक्षेत तो पेपर पास झाली. आता ती शेवटच्या वर्षाला आहे. एम.एस्सी.ला जायचे म्हणते. नात्यातून एक स्थळ आलेले आहे आणि घरात दोन मते आहेत. मिस्त्रींचे मत लेकीच्या बाजूने आहे, एवढे आम्हाला माहीत आहे. आजीचे मत निराळे आहे. आम्ही जाऊन बसलो, बोललो, अजून बोलणार आहोत.

दरम्यान मिस्त्रींनीच एक नवे काम काढून दिले आहे. त्यांनी विचारले की फरशीची नक्षी एकूण किती तऱ्हेने चारी दिशांना पसरवता येते, त्याला काही अंत आहे का? मित्राने सांगितले की फुले-पाने कोणतीही काढा, पण वळणे, पलट्या आणि सरकणे यांच्या हिशेबाने सपाट जागेवर पसरणाऱ्या नक्षीचे प्रकार फक्त सतरा आहेत. फेदोरोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने १८९१ मध्ये हे सिद्ध केले. लुगड्याच्या काठासारखी एकाच दिशेने जाणारी नक्षी घेतली तर प्रकार सातच. मिस्त्रींचा त्यावर विश्वास बसला नाही. "तीस वर्षं फरशी बसवायलो, सतराच कसं असतील?" असे म्हणून ते तेव्हापासून जिथे कामाला जातात तिथली नक्षी मोबाइलवर टिपून आणतात. मुलगी प्रत्येक चित्रावर पारदर्शक कागद ठेवून, फिरवून, पलटून, तो कोणत्या प्रकारात बसतो ते वहीत लिहिते. खिडक्यांच्या लोखंडी जाळ्या, गोधड्यांची टीप, चारठाण्याच्या जुन्या मंदिरांवरची दगडी नक्षी, सहलीला गेलेल्या मुलांनी आणलेली वेरूळची चित्रे, सर्व त्या वहीत आहे. काठाचे सातही प्रकार वस्तीतल्या बायकांच्या पेट्यांतूनच मिळाले. सतरापैकी अकरा सापडले आहेत, सहा राहिले आहेत. ज्यांच्याकडे जुन्या हातच्या गोधड्या किंवा जुन्या घरांतली नक्षीची फरशी असेल त्यांनी ती आधी नीट पाहावी, आणि पाहताना कागदाचा एक चौरस जवळ ठेवावा.